"आपल्याकडचा माणूस काम करत नाही": शेत, जिन, दालमिल आणि पॉवरहाऊसचा माणशी हिशेब

वाघूरकाठ (जळगाव)

राम राम मंडळी.

मी जळगावात हिशेब लिहिण्याचं काम करतो. दालमिल, जिनिंग, चटईचे कारखाने यांच्या वह्या माझ्या टेबलावर येतात आणि घरची थोडी शेतीही आहे. "आपल्याकडचा माणूस कामच करत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. शेतकरी म्हणतो, मालक म्हणतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले निवृत्त मास्तरही म्हणतात. मला हे चुकीचं वाटतं. त्याने नुकसानही होतं, कारण एकदा एवढं बोलून झालं की पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही.

उत्पादकता मोजायची रीत साधी आहे. विकलेल्या मालाच्या पैशांतून कच्चा माल, वीज, डिझेल, बारदान वजा करायचं. उरलं ते मूल्यवर्धन, त्याला कामावरच्या माणसांनी भागायचं. देशाचा हिशेब असा की कामकरी लोकांपैकी साधारण ४६ टक्के शेतीत आहेत आणि देशाच्या एकूण मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. भागाकार केला तर शेतीबाहेरचा माणूस शेतीतल्या माणसाच्या जवळपास चौपट मूल्य तयार करतो. म्हणून शेतीतला माणूस चौपट आळशी ठरतो का?

कापसाचंच घ्या. पहिल्या चांगल्या वेचणीत बाई दिवसाला पन्नास किलोपर्यंत कापूस वेचते. रुईची गाठ १७० किलोची. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस, आणि पाच क्विंटल म्हणजे दहा बायांचा पूर्ण दिवस. वेचणी दहा रुपये किलो धरली तर गाठीमागे पाच हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, म्हणजे पाच क्विंटलचे ४०,५५०. त्यातला आठवा हिस्सा एकट्या वेचणीत जातो.

आता तीच बाई फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कापसात, पाठवा. झाडावर बोंडं विरळ, अर्धी न उमललेली, कापूस कवडी. दिवसभर वाकून संध्याकाळी काट्यावर वीस किलो येतात. बाई तीच आणि कंबर मोडेपर्यंत वाकणं तेच, पण उत्पादकता निम्म्याहून खाली आली. ती बाईने कमी केली नाही, झाडाने केली. कोरडवाहू कापसाचं एकरी उत्पादन कमी आहे तोवर वेचणाऱ्या हाताचं उत्पादन वाढणार कसं?

जिनमध्ये या. रेचा म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारं यंत्र. चोवीस रेच्यांचं डबल रोलर युनिट नीट चाललं तर तासाला दहाएक गाठी निघतात. आठ तासांच्या ऐंशी. पाळीला पंचवीस माणसं धरली तरी माणशी तीन गाठी, आणि शेतातल्या बाईची दिवसाला गाठीचा दहावा भाग. जिनमधल्या माणसामागे रेचे, प्रेस आणि थ्री-फेज वीज आहे. बाईच्या पाठीला ओढणीची झोळी आहे. आणखी पुढे, भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला की पाच लाख युनिट वीज तयार होते. पाळीवरच्या माणसांनी ते भागून बघा. तिथला ऑपरेटर हुशार आहेच, पण तो आकडा मुख्यतः बॉयलर आणि टर्बाइनचा आहे.

आणि जिन बारा महिने चालत नाही. दिवाळीच्या सुमारास सुरू होते, मार्च-एप्रिलपर्यंत चालते, मग रेचे बंद. तासाचा हिशेब धरला तर कामगार उत्तम, वर्षाचा धरला तर अर्धा. दोन्ही आकडे खरे आहेत. आपण बोलताना कुठला वापरतो ते आधी ठरवायला हवं.

तुमच्या धंद्यातला हिशेब इथे लिहा. विरोध असेल तर तोही लिहा, फक्त आकड्यासकट.

---

कांदेबाग (रावेर)

वाघूरकाठ भाऊ, हिशेब पटला, पण मजूर मिळत नाही हेही खरंच आहे. मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या केळीच्या, लागवडीला माणूस शोधत फिरावं लागतं. तरी उत्पादकतेचा सगळ्यात मोठा फरक मी केळीतच पाहिला, म्हणून लिहितो.

आमच्या वडिलांच्या काळात पाटाचं पाणी होतं. रात्री लाईट आली की बारं (पाणी) द्यायला एक माणूस रात्रभर बागेत. तण अमाप, निंदणीला बायांच्या टोळ्या. ठिबक आलं, टिश्यूकल्चरची रोपं आली, खत व्हेंचुरीतून ठिबकच्या पाण्याबरोबर जायला लागलं. पाणी आणि निंदणीची माणसं कमी झाली, घड मोठा झाला आणि निसवणी (घड बाहेर पडणं) जवळपास एका वेळी यायला लागली. माणशी उत्पादन किती पट झालं ते मी मोजलं नाही, पण डोळ्याला दिसतं. यात मजुराचा स्वभाव बदलला नाही. पाणी देण्याची पद्धत बदलली.

दुसरी गोष्ट याच्या उलटी आहे. पूर्वी घड कापला की डोक्यावर घेऊन बांधापर्यंत, तिथून थेट ट्रकमध्ये, खाली-वर केळीची पानं. गाडी दिल्लीला पोहोचेपर्यंत कितीतरी फण्या काळ्या पडायच्या. निर्यातीच्या मालाला आता घड बागेतच जपून उतरवतात, फण्या सोडवतात, टाक्यात धुतात, चीक काढतात, पुसतात आणि १३ किलोच्या खोक्यात भरतात. क्विंटलमागे माणसं जास्त लागतात. क्विंटल मोजले तर उत्पादकता घटली, रुपये मोजले तर वाढली. म्हणून "कमी माणसांत जास्त माल" एवढंच धरून बसू नका. जास्त हात लावून माल नीट केला तरी माणशी किंमत वाढते.

भाव पडला की मात्र सगळं मातीत. घड तोच, कापणारा तोच, बोर्डावर भाव अर्धा लागला की तुमच्या सूत्रात आमचा मजूर एका रात्रीत निम्मा होतो.

---

अमळनेरकर मास्तर

कांदेबाग, भावाच्या मुद्द्यावर एक खुलासा. म्हणूनच अर्थशास्त्रात तुलना स्थिर किमतींना करतात. एक आधारवर्ष धरून त्याच्या भावाने सगळ्या वर्षांचा माल मोजायचा. तसं केलं की तुमच्या बागेची उत्पादकता भावाबरोबर खाली-वर होत नाही. पण मजुरी आणि कर्जाचा हप्ता चालू भावातच द्यावा लागतो, त्यामुळे तुमचं दुखणं त्याने कमी होत नाही.

आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडणी केली होती की शेतीत इतकी माणसं जादा असतात की काही कारखान्यात गेली तरी शेतीचं उत्पादन घटत नाही. पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे ती मांडणी अर्धीच लागू पडते. खान्देशात माणूस उन्हाळ्यात जादा असतो आणि वेचणीला कमी पडतो. वर्षाची सरासरी काढली की दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

आमच्या गावचं एक उदाहरण देतो. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. त्याच कंपनीचं पुढे सॉफ्टवेअरचं मोठं काम बंगळुरात उभं राहिलं. तेल-तुपात कच्च्या मालाचा खर्च प्रचंड, माणशी मूल्यवर्धन थोडं. सॉफ्टवेअरमध्ये कच्चा माल जवळपास नाहीच. एकाच घराण्याचा व्यवसाय, पण उद्योग बदलला की माणशी आकडा कुठल्या कुठे जातो. अमळनेरचा कामगार त्या मधल्या वर्षांत बिघडला असं कोणी म्हणणार नाही.

---

रेचेवाला (जिनिंग, धरणगाव रस्ता)

मी मालक आहे. धागाकर्त्याचा जिनचा हिशेब बराचसा बरोबर आहे, पण आमची बाजूही ऐका.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिनमध्ये कापूस टोपलीने रेच्यावर टाकायचे. पाळीला आजच्या कितीतरी पट माणसं. बाया, पोरं सगळी त्या फुफाट्यात. २००० साली कापूस तंत्रज्ञान मिशन आलं, त्यातून जिन-प्रेस आधुनिक करायला अनुदान मिळालं आणि कन्व्हेअर, ऑटो फीडर बसले. कचरा कमी झाला, गाठीला भाव बरा मिळाला, माणसं कमी झाली. तुम्ही म्हणता ती वाढ ही.

पण वाढ झाली म्हणून मजुरी तितकीच वाढवा, असं कोणी म्हणेल तर मला बँकेचा हप्ता दिसतो. यंत्र माझ्या कर्जावर आलंय. जिन बंद असते त्या महिन्यांत व्याज थांबत नाही. शिवाय स्थानिक माणूस सणाला, लग्नाला, पोळ्याला खाडा करतो, बाहेरचा आवारातच राहतो म्हणून सलग काम करतो. हा माझा रोजचा अनुभव आहे.

---

चटईलाइन (एमआयडीसी, जळगाव)

रेचेवाला साहेब, बाहेरचा सलग काम करतो कारण त्याचं घर इथे नाही. आजारी सासू नाही, शेताचं बारं नाही, पोराच्या शाळेची मीटिंग नाही. घर गावात ठेवून आलेल्या माणसाची घर सांभाळणाऱ्या माणसाशी तुलना करतोय आपण.

मी चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. प्लास्टिकची पट्टी ओढायची, रीळ भरायचं, मागावर विणायचं. बारा तासांच्या पाळ्या लावणारे कारखाने मी जवळून पाहिलेत. रात्रपाळीला दोन वाजेपर्यंत माल सरळ निघतो. मग पट्टी तुटायला लागते, रंगाची जोड चुकते, रीळ संपलं तरी पटकन लक्षात येत नाही आणि माग रिकामा खडखडत राहतो. सकाळी वाया गेलेल्या मालाचा ढीग वजन केला की तो बहुतेक शेवटच्या चार तासांचा निघतो. तो पुन्हा वितळवायचा, पुन्हा वीज जाळायची. मालकाला वाटतं चार तास जास्त काम झालं.

एक सांगतो. मशीनवर बरीच वर्षं असलेला माणूस पट्टीच्या आवाजावरून ओळखतो की तापमान चढलंय. तो दोन हजार जास्तीसाठी शेजारच्या कारखान्यात गेला की नवीन माणूस तयार होईपर्यंत महिनोन्‌महिने माल मार खातो. हे नुकसान कुठल्याच वहीत वेगळं लिहिलं जात नाही. वाघूरकाठ, तुम्ही लिहिता का?

---

वाघूरकाठ (जळगाव)

नाही, वेगळं लिहिलं जात नाही. "वेस्टेज" खात्यात जातं. माणूस गेला म्हणून झालेलं वेस्टेज आणि कच्चा माल खराब होता म्हणून झालेलं, दोन्ही एकाच ओळीत.

दालमिलचंही सांगतो. पूर्वी डाळ निवडायला बायांची रांग बसायची, सुपात डाळ आणि बोटं खड्यावर. सॉर्टेक्स यंत्र आलं आणि कॅमेरा खराब दाणा बघून हवेच्या झोताने उडवायला लागला. माणशी क्विंटल खूप वाढले. त्या रांगेतल्या बहुतेक बाया मिलच्या हिशेबातून गेल्या, म्हणून मिलची उत्पादकता वाढलेली दिसते. त्यातल्या किती जणी कमी रोजावर निंदणीला गेल्या ते मिलच्या वहीत नसतं. एका कारखान्याची उत्पादकता वाढली म्हणजे तालुक्याची वाढली असं धरता येत नाही.

---

अक्कलकुवा धडगाव

मी आरोग्य विभागात काम करणारी बाई आहे, नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या तालुक्यांत. इथे शरीराबद्दल अजून कोणी काहीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) हा आकडा ५४ टक्के आहे. आमच्याकडे त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर. कमी हिमोग्लोबिनची बाई वेचणीला जाते, दुपारी तिला धाप लागते, ती बांधावर बसते आणि मुकादम तिला कामचुकार म्हणतो. इंडोनेशियात १९७० च्या दशकात रबराचा चीक गोळा करणाऱ्या मजुरांचा अभ्यास झाला होता. रक्त कमी असलेल्यांना लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांचं कामही वाढलं आणि कमाईही वाढली. कोणी त्यांना मेहनतीचं व्याख्यान दिलं नव्हतं.

मग ऊन. भुसावळ-जळगावचा मे महिना इथल्या सगळ्यांना माहीत आहे, पारा ४५ च्या पुढे जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ च्या अहवालात अंदाज दिला होता की २०३० पर्यंत भारतातले ५.८ टक्के कामाचे तास उष्णतेमुळे वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. सर्वांत मोठा फटका शेती आणि बांधकामाला. आमची माणसं पहाटे पाचला निघून अकराला परततात ते यामुळेच. गावातल्या माणसाला फक्त अकराला परतलेला मजूर दिसतो.

नंदुरबारात मिरचीच्या पथारींवर (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांवर) देठ खुडणाऱ्या बाया बघा. किलोवर पैसे. लाल मिरचीचा खकाणा डोळ्यांत, घशात, बोटांची आग रात्रीपर्यंत जात नाही. हातमोजे घातले तर खुडण्याचा वेग कमी होतो आणि पैसे कमी मिळतात, म्हणून त्या घालत नाहीत. एवढ्या पगारात आणखी वेग मागणाऱ्यांनी एक दिवस त्या पथारीवर बसून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

---

कांदेबाग (रावेर)

ताई, बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे घड वाहणारी पुष्कळ मंडळी सातपुड्यातून येतात. पाणी आणि सावलीची सोय बागेत असतेच, पण दुपारच्या जेवणाचं आम्ही कधी बघितलं नाही.

---

लिंबायत (मूळ शिंदखेडा)

मी सुरतेत मागावर आहे. आमच्या गल्लीत निम्मे लोक धुळे-नंदुरबार-जळगावचे, संध्याकाळी पानटपरीवर अहिराणीच ऐकू येते. धागा वाचून वाटलं की याचं उत्तर आम्हीच आहोत.

गावात मी कोरडवाहू शेतात काम करायचो. पाऊस झाला तर काम, नाहीतर पारावर. गावातले लोक मला रिकामटेकडा म्हणायचे. इथे मी सलग पाळी करतो, एका वेळी अनेक माग बघतो, तुटलेला धागा काही सेकंदांत जोडतो. सेठ मला चांगला कारागीर म्हणतो. माझ्यात काय बदललं? इथे वीज जात नाही, सूत वेळेवर येतं, बिघाड झाला की मिस्त्री खालच्या मजल्यावर असतो, माल घ्यायला बाजार दारात आहे. आई फोनवर म्हणते, गावातही "काम शे, पन कितला दिन?"

माझी जी कमाई सुरतेच्या खात्यात मोजली जाते तीच शिंदखेड्यात झाली असती तर धुळे जिल्ह्याचा आकडा वर दिसला असता.

---

अनेरपात्र (शिरपूर)

लिंबायत दादाच्या आईचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. दिवस किती, हे पाण्यावर ठरतं.

आमच्या तालुक्यात २००४ च्या सुमारास सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून त्यावर सिमेंटचे बंधारे बांधण्याचं काम सुरू केलं, लोक त्याला शिरपूर पॅटर्न म्हणतात. खानापूरकर भूजलाचे जाणकार. त्यांचं म्हणणं असं की तापीच्या गाळाचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून तो खोदून खालच्या वाळूपर्यंत पोहोचायचं. सगळीकडे तसंच करावं का यावर भूजलवाल्यांचे मतभेद आहेत आणि ते असावेत. बेसाल्टच्या कातळात हे तसंच्या तसं चालणार नाही. पण जिथे विहिरींना पाणी आलं तिथे कापसानंतर गहू, हरभरा, भुईमूग उभा राहिला. मजुराच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की मार्चमध्येही हाताला काम. माणूस तेवढाच, वर्षाचे कामाचे दिवस वाढले. कुठलंही नवीन यंत्र न देता वर्षाची उत्पादकता वाढली.

अजून एक. पूर्वी सालदार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरायचा, वर्षभराचं धान्य आणि रक्कम ठरवून. आता सालदार मिळत नाही, सगळं उक्तं, म्हणजे पूर्ण कामाचे ठरवून पैसे. आणि उक्त्याने निंदणी दिली की तीच माणसं रोजंदारीच्या निम्म्या वेळात रान साफ करून घरी जातात. तेव्हा कोणी म्हणू नये की त्यांना वेगाने काम करता येत नाही. जास्त कामाचा जास्त पैसा दिसला की करतात.

---

रेचेवाला (जिनिंग, धरणगाव रस्ता)

सगळे प्रतिसाद वाचले. उक्त्याचा मुद्दा माझ्या जिनलाही लागू आहे, प्रेसवरचे लोक गाठीवर पैसे घेतात आणि तिथे खाडा जवळपास नसतो. सणाच्या खाड्याबद्दल माझं म्हणणं कायम आहे, पण दिवसाच्या रोजावरच्या माणसांपुरतं.

वाघूरकाठ, एक प्रश्न. गाडी खाली करणारे हमाल मुकादमाचे असतात. माझ्या हजेरीपटावर ते नाहीत. तुम्ही पंचवीस माणसं धरलीत त्यात ते आहेत का?

---

वाघूरकाठ (जळगाव)

नाहीत, आणि बरं विचारलंत. ती दहा-बारा माणसं मिळवली तर पाळीला माणशी तीन गाठींच्या जागी दोन-सव्वादोन होतात. ठेकेदाराची माणसं सोडून दिली की प्रत्येक कारखाना कागदावर आहे त्यापेक्षा कार्यक्षम दिसतो. सरकारची कारखान्यांची वार्षिक पाहणी ठेक्यावरचे कामगारही मोजते, पण ती नोंदणी झालेल्या कारखान्यांची. रस्त्याकडेच्या लहान युनिटचा, पथारीवरच्या बायांचा हिशेब तिथे येत नाही.

तुमची हरकत नसेल तर येत्या सीझनला मुकादमाची हजेरी रोज वेगळ्या पानावर लिहून घ्या: माणसं, तास, उतरवलेले क्विंटल. त्याच पानावर रेचे बंद राहिल्याचे तास आणि कारण. वीज गेली, कापूस आला नाही, बेअरिंग गेलं, की माणूस आला नाही. कारणांचे चारच रकाने.

---

रेचेवाला (जिनिंग, धरणगाव रस्ता)

हरकत नाही. दिवाळीनंतर गाडी सुरू झाली की पहिल्या पाळीपासून लिहायला सांगतो. मागच्या सीझनचं एवढं मात्र आजच सांगू शकतो की माणूस नाही म्हणून रेचे थांबले ते थोडेच. यार्डात कापूसच नव्हता म्हणून थांबले ते कितीतरी जास्त, शेतकऱ्याने भाव वाढेल म्हणून घरात साठवून ठेवला होता.

---

चटईलाइन (एमआयडीसी, जळगाव)

पाचवा रकाना जोडा: त्या मशीनवर त्या दिवशी जो होता तो किती दिवसांपासून त्याच मशीनवर आहे. मी आमच्याकडे सोमवारपासून सुरू करतो.